नाकेदारांचा गोरगा

एखादे झाड जिवंत आहे की मेले आहे, हे ठरवण्यासाठी माणसाला डोळे पुरतात, असा माझा समज होता. या जिल्ह्यातील दोन कार्यालयांशी पत्रव्यवहार केल्यानंतर तो मी सोडून दिला आहे. त्या कार्यालयांविषयी जे लिहायचे ते मी त्यांनाच लिहिले, आणि पोच घेतली. आज लिहायचे आहे ते ज्यांचे झाड होते त्यांच्याविषयी.

ते वनखात्यात नाकेदार होते. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. उभी नोकरी देवरीकडच्या जंगलात काढून निवृत्तीनंतर ते शहरालगतच्या मुर्रीला माझ्या शेजारी घर बांधून राहिले, पण पदनाम काही त्यांच्या अंगावरून उतरले नाही. खात्याचा खाकी स्वेटर मात्र ते स्वतःच उतरवत नसत. वैशाखातही सकाळच्या वेळी तो त्यांच्या अंगावर असे. मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. वकील मी कधीच नव्हतो. तरीही ते मला ‘वकीलसाब’ म्हणत, आणि त्या संबोधनात आदराचा अंशही नव्हता.

मुर्रीच्या रस्त्याने सकाळी बायका काटक्यांचे भारे घेऊन शहराकडे जातात. नाकेदार रस्त्याच्या मधोमध उभे राहत.

“कुठलं हाय हे?”

“बांधीवरचं जी. बाभळीचं.”

मग ते भाऱ्यातली एक काडी ओढून काढत, नाकाशी धरत, आणि परत खोचून म्हणत, “जा.” निवृत्त कर्मचाऱ्याने नागरिकाचा मार्ग अडवणे हा अपराध आहे, हे मी त्यांना एकाहून अधिक वेळा समजावून सांगितले. “मी काय पकडून राहिलो? इचारून राहिलो,” एवढेच ते म्हणत. एक म्हातारी मात्र त्यांना पुरून उरली. भारा खाली न ठेवताच ती म्हणाली, “नाकेदार, पेन्शन भेटते ना तुमाले? मंग फुकटात ड्युटी काऊन करून राहिले? घरी बायको नाई म्हणून?” त्या दिवशी त्यांनी काडी न ओढताच तिला जाऊ दिले.

घरी बायको नव्हती, हे खरेच होते, आणि माझ्या सांगण्याचा सगळा भार त्यावरच आहे.

त्यांच्या पत्नीचे माहेर देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या एका वस्तीत. त्या घराच्या अंगणात गोरगा होता. गोरगा म्हणजे ताडाच्या जातीचे एक उंच झाड. कोकणात याला सुरमाड म्हणतात. शहरातले रोपवाटिकावाले माशाच्या शेपटीसारखी पाने दाखवून शोभेचे म्हणून विकतात. गोंड कुटुंबांत हे झाड घरच्या माणसासारखे मोजले जाते. वर्षानुवर्षे ते नुसते वाढते; मग एके वर्षी शेंड्याशी पहिला तुरा येतो. त्या तुऱ्याचा देठ छेदून खाली मडके बांधले की रस मिळतो. पहिला रस घरच्या मेलेल्यांचा. त्यांना दिल्याशिवाय जिवंत माणसाने तोंडाला लावायचा नाही.

मुर्रीला आल्यावर त्या बाईंनी माहेरच्या गोरग्याखाली उगवलेले एक रोप आणले. देवरीच्या बसमध्ये ते त्यांनी मांडीवर धरून आणले, खाली ठेवले नाही, असे त्या स्वतः मला सांगत होत्या. कुंपणालगत खड्डा करून, तळ्याचा गाळ घालून ते लावले, आणि पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. जाण्यापूर्वी नवऱ्याला त्यांनी एकच मागितले: याचा पहिला रस मला. त्या वेळी रोप गुडघ्याला लागत होते.

नाकेदार हा प्रेमळ माणूस नव्हता. जो समजूत काढायला येई त्याला ते दारातूनच परतवत. नोकरीत असताना सख्ख्या मेहुण्यावर, म्हणजे याच बाईंच्या भावावर, एका सागवानाच्या तोडीबद्दल त्यांनी गुन्हा नोंदवला होता. मेहुण्याला शिक्षा झाली. त्यानंतर माहेरचे कोणी त्यांच्या उंबऱ्याशी आले नाही. बहिणीच्या मातीलाही तो भाऊ लांब उभा राहून परत गेला. याविषयी मी एकदा विचारले, तेव्हा नाकेदार म्हणाले, “साग होता. त्यानं तोडला. मी काय लिवायचं होतं?” कायद्याने उत्तर बरोबर होते. मला ते आवडले होते, हेही नमूद करतो.

या माणसाने ते झाड वाढवले. पहिल्या उन्हाळ्यांत पळसाच्या फांद्यांची सावली केली. बुंध्याशी धानाची तणस पसरली, तिच्यावर दररोज दिवस मावळताना पाणी. नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, खोडाला ओले पोते गुंडाळीत. वाळलेले पान स्वतःहून गळेपर्यंत ते ओढीत नसत आणि कोणाला ओढू देत नसत. एकदा शहरातले काही तरुण लग्नाच्या मांडवासाठी पाने मागायला आले.

“बाबाजी, दो पत्ते दे दो. गेट पे लगाना है.”

“मेरे सिर के बाल ले जा,” नाकेदार म्हणाले. “वो लगा गेट पे.” आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली.

झाडाकडे बोट दाखवायला बंदी होती. कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवले तर तो सडतो असे आमच्याकडे मानतात. नाकेदारांनी तोच नियम गोरग्याला लावला. दाखवायचेच असेल तर बोट वाकवून, पेराने. उभा जन्म न्यायालयात काढलेला मी, त्यांच्या अंगणात गेलो की मूठ मिटून बोलत असे.

माझ्या पत्रांची त्यांना चीड होती. मी गटारासाठी लिहीत असे, रस्त्यासाठी लिहीत असे, आणि रस्त्याकडेने नवी वीजवाहिनी ओढली गेली तेव्हा, झाड आधीचे असून तार नंतरची आहे, हा प्राथम्याचा मुद्दाही मी लेखी मांडला होता. उत्तर आले नाही. “तुमचा कागज बकरी बी नाई खात, वकीलसाब,” ते म्हणाले.

आमचे मोठे भांडण झाले ते रसावरून. परवान्याशिवाय झाडाचा रस काढणे हा अपराध आहे, तेव्हा एका मडक्यापुरती रीतसर परवानगी मागावी, असे मी सुचवले. अर्जदार म्हणून कोणाचे नाव घालावे याचाही विचार मी केला होता. 

“मेलेल्यायले लायसन लागते काय जी?”

“रस काढणारा जिवंत असतो.”

“मंग त्याले पकडा. तो पयलेच एकदा पकडला गेला हाय.”

तेव्हा मला कळले की रस काढायला ते कोणाला बोलावणार होते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस शेंड्याशी, पानांच्या बेचक्यात, जाड कोंब दिसू लागला. पहिला तुरा. नाकेदारांनी दाढी केली, स्वेटर काढून ठेवला आणि ते देवरीच्या बसने निघाले. बहिणीसाठीचा पहिला देठ भावानेच छेदावा, असे त्यांच्या मनात होते. ज्याच्यावर आपण गुन्हा नोंदवला त्याच्या दारात हात जोडून उभे राहण्यासाठी हा मनुष्य इतकी वर्षे थांबला, आणि त्या तुऱ्याने त्याला निमित्त दिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येतो, असे मला सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गटाराच्या कामासाठी शहरात गेलो होतो. परतलो तेव्हा नाकेदारांच्या कुंपणाशी एक गाडी उभी होती, शिडी परत गाडीवर बांधून झाली होती, आणि गोरग्याचे डोके रस्त्यावर पडलेले होते. पाने, कोंब, तुरा, सगळे. पावसाळ्यापूर्वी तारेलगतच्या फांद्या छाटण्याचे कंत्राट ज्याला दिले होते, त्याची ती माणसे. खोड उभे होते. वरचा काप फार सफाईदार होता.

“हे काय केले तुम्ही?”

“कटिंग, काकाजी,” मुकादम म्हणाला. “लाइनले लागून राहिलं होतं.”

“हे झाड मारले तुम्ही.”

“मारलं कुठं? उभं हाय ना. कडूनिंब बी असाच छाटतो आमी. पाणी पडलं का फुटते पुन्हा.”

“याला फांद्या नसतात. याला एकच शेंडा असतो. तो कापला की संपले.”

तो वर पाहू लागला. वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर त्याने कडूनिंब, बाभूळ, गुलमोहोर छाटले होते, आणि ती सगळी झाडे दरवर्षी फुटून त्याला पुन्हा कामाला लावत होती. “अरे बाप्पा,” तो हळूच म्हणाला. मग त्याला नोकरी आठवली असावी. “आमाले जसं सांगतेत तसं करतो, काकाजी. झाड तोडाचं नाई, फक्त छाटाचं, असं सांगतलं. आमी तोडलं काय? पाहा तुमीच.”

नाकेदार दुपारी आले. बरोबर मेहुणा होता: वाळलेला, पायांत रबरी चपला, कमरेला कोयता, हातात नवे मडके. दोघे फाटकाशी थांबले. मी जे घडले ते सांगितले. नाकेदार रस्त्यावरच्या पानांपाशी वाकले. खाली पडलेला तुरा त्यांनी उचलला, तो अजून कोवळ्या वेष्टनात होता, आणि मेहुण्याच्या हातात दिला.

मेहुण्याने तो उलटसुलट करून पाहिला. बहिणीच्या नवऱ्याला तिकडे भाटो म्हणतात.

“आता कोनावर लिवशील, भाटो?” तो म्हणाला.

त्यानंतरच्या दिवसांत ते दोघे एकमेकांशी थेट बोलले नाहीत. मेहुणा परत गेला नाही; ओसरीवर पथारी टाकून राहिला. भात शिजवला की तो मला हाक मारून सांगे, “तुमच्या नाकेदाराले म्हना, जेवून घे.” नाकेदार समोरच बसलेले असत. मी निरोप पोचवीत असे. वरच्या कापातून रस पाझरून खोडावर ओघळत होता, आणि त्याला मुंग्या आणि माश्या लागल्या होत्या. कोणी शेजाऱ्याने सुचवले की तोच रस मडक्यात धरून बाईंना द्यावा. मेहुण्याने त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा फिरकला नाही. तुऱ्यातून उतरतो तो रस. कापलेल्या मानेतून वाहते ते तिला द्यायचे नव्हते.

मी लिहायला बसलो. तक्रार, स्मरणपत्र, वरिष्ठांना प्रत. माझी मागणी साधी होती: वृक्ष नष्ट झाल्याची नोंद घ्यावी आणि जबाबदारी निश्चित करावी. वीजवाहिनीच्या कार्यालयाने, नवल म्हणजे, माणूस पाठवला. त्याने खोडाला हात लावून पाहिला, छायाचित्र काढले आणि गेला. लेखी उत्तर आले: स्थळपाहणीत वृक्ष जागेवर उभा आढळला, सबब वृक्षतोड झालेली नाही, केवळ छाटणी झाली असून तीस परवानगीची आवश्यकता नाही. ते उत्तर मी उभ्यानेच वाचले आणि पुन्हा वाचले. मान कापलेला माणूस भिंतीला टेकवून ठेवावा आणि मृत्यूची नोंद नाकारावी, यापेक्षा त्यात वेगळे काही नव्हते.

मी झाडांच्या परवानग्या देणाऱ्या दुसऱ्या कार्यालयाकडे गेलो. तिथेही पाहणी होणार होती, पण तारीख मिळत नव्हती. तोवर खोडाला कोणी हात लावता कामा नये, असे मी दोघांना बजावले. “तो पुरावा आहे.”

मेहुणा त्या वेळी कोयत्याच्या मुठीने खोड ठोकून कान लावत होता. “आत पीठ हाय अजून,” तो मला म्हणाला. पुढचे तो नाकेदारांसाठीच बोलत होता. “तुऱ्याच्या आधीचा गोरगा भरलेला रायते. दुकाळात आमचे लोक हेच पीठ खात. रस गेला, पीठ तर हाय. त्याची पेज दे म्हना तिले. पाणी पडलं का सडते. मंग काईच नाई.”

“पाहणी होईपर्यंत थांबा,” मी म्हणालो. “खोड पाडलेत तर माझी तक्रार उरत नाही. उलट तोड तुमच्यावर शेकेल.”

नाकेदार इतक्या दिवसांत प्रथमच माझ्याकडे वळून बोलले. “तुमचा पुरावा सडून राहिला, वकीलसाब.”

आकाश भरून आले होते. मला राग आला होता. मी तो लपवला नाही. निर्बुद्धपणा, असा शब्द मी वापरला. नाकेदारांनी घरातून कुऱ्हाड आणली. ती त्यांनी मेहुण्यापुढे धरली, आणि मेहुण्याने ती घेतली. घाव त्यानेच घातले. नाकेदार दोर धरून उभे होते. खोड त्यांनी तारेपासून लांब, अंगणाच्या आत पाडले.

खोड उभे चिरून आतला गाभा त्यांनी काढला, कुटला, कपड्यातून पाण्यात गाळला, तळाशी बसलेले पीठ परातीत वाळवले. पुष्कळसा भाग वरून काळा पडू लागला होता; उरला तो थोडा. त्याची पेज शिजवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरच्या मेलेल्यांची जागा होती, तिथे पळसाच्या द्रोणात ती ठेवली. दोघे शेजारी शेजारी बसले. मेहुणा गोंडीत काही म्हणाला. त्यात बहिणीचे नाव होते. नाकेदारांचे ओठ हलत होते, शब्द मला ऐकू आला नाही. मग मेहुण्याने एक द्रोण भरला आणि थेट नाकेदारांच्या हातात दिला. “घे, भाटो,” तो म्हणाला. माझ्यामार्फत निरोप पाठवला नाही.

तिसरा द्रोण मला मिळाला. पेज पांढरी होती, चिकट होती, तिला चव नव्हती. माझ्या तक्रारीतला मुद्देमाल मी त्या ओसरीवर बसून खाल्ला.

दुसऱ्या कार्यालयाची पाहणी पावसाळा लागल्यावर झाली. त्यांना अंगणात पाडून चिरलेले खोड आढळले, बुंध्यावर कुऱ्हाडीचे घाव आढळले, आणि नाकेदारांवर विनापरवानगी वृक्षतोडीची नोटीस निघाली. माझ्याच अर्जावरून ती निघाली असल्याने तिच्यात माझ्या अर्जाचा क्रमांक होता. मी उत्तर तयार केले. चांगले होते ते. वृक्ष आधीच नष्ट झालेला होता, सबब नष्ट वृक्षाची तोड संभवत नाही. वृक्ष उभा आढळला असे उत्तर वीजवाहिनीच्या कार्यालयाने दिले असले तरी... मी ते नाकेदारांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि सुनावणीला स्वेटर घालून आले.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने विचारले, “बाबा, झाड कोणी तोडलं?”

“मी.”

मी उभा राहिलो. नाकेदारांनी हाताने मला खाली बसवले.

“शेजारी सांगतात दोन माणसं होती. दुसरा कोण?”

“दुसरा कोनी नाई. मी एकटाच.”

“तुम्ही स्वतः खात्यात होता. परवानगी लागते, हे माहीत होतं ना?”

“माहीत होतं साहेब. लय जनायवर लिवलं मी. हो म्हननारा एक बी भेटला नाई. वाऱ्यानं पडलं म्हनत, बैलानं पाडलं म्हनत.” त्यांनी अधिकाऱ्यापुढच्या कागदाकडे मान केली. “मी हो म्हनून राहिलो. लिवा.”

बाजूच्या कारकुनाने विचारले, “झाड कोणतं? शोभेचा पाम लिहू?”

तेवढ्यापुरता त्यांचा आवाज चढला. “शोभेचा नाई. गोरगा लिवा. गोरगा.”

बाहेर आल्यावर मी त्यांना बोललो. रस्त्यातच बोललो, लोक पाहत होते. ज्यांनी मारले ते सुटले आणि तुम्ही गुन्हा अंगावर घेतलात, म्हणालो. तुमच्यासाठी झिजवलेले सगळे कागद तुम्ही एका शब्दात केरात टाकलेत. ते पानटपरीच्या सावलीत उभे राहून ऐकत होते.

“त्याचं नाव एकदा लिवलं होतं मी,” ते म्हणाले. “पुन्हा नाई लिवू देत. आन तुमी एवढं लिवून लिवून झाड मेलं म्हनून कोनी लिवलं काय? आता लिवलं. मारनारा भेटल्याबिगर त्यायच्या कागजात काई मरत नाई, वकीलसाब.”

त्या थंडीत नाकेदार गेले. मेहुणा आला होता; या वेळी तो लांब उभा राहिला नाही, खांदा दिला. आदेशाची प्रत नंतर आली, आणि घराला कुलूप असल्याने टपालवाल्याने ती माझ्याकडे दिली. दंड नाममात्र होता. मी तो आदेश माझ्या सवयीने ओळीओळीने तपासला. त्यात झाडाचे नाव आहे, झाड कुठे होते ती जागा आहे, आणि ते कोणी संपवले त्याचे नाव आहे. तीनपैकी दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीविरुद्ध अपील करण्याचा मसुदा माझ्या डोक्यात पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या विनंतीपर्यंत तयार होता. अपिलाची मुदत ज्या दिवशी संपली, त्या दिवशी मी घरीच होतो. कार्यालय उघडे होते, शहराची बस दारावरून गेली, आणि मी उठलो नाही.